चाकोच्या काटेरी रानात प्राणी-पक्षी पाहायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ताडोबा, पेंच, नागझिरा ही आपली राने तुम्ही अनेकदा पाहिली आहेत. येत्या ऑगस्टमध्ये बारा दिवस हाताशी आहेत आणि पॅराग्वेतील चाको या कोरड्या जंगलात जाऊन जग्वार, आखूड सोंडेचा टॅपिर, मोठा मुंगीखाऊ आणि तिथले खास पक्षी पाहण्याची इच्छा आहे. मात्र तिकडे जाऊन आलेल्या एका परिचिताने ‘चार दिवस गाडीतून फिरलो, काट्यांशिवाय काही दिसले नाही’ असे सांगितल्यामुळे तुमचे मन डळमळले आहे. म्हणून नेमके कुठे जावे आणि कोणता महिना धरावा, हे तुम्ही विचारले आहे.

तुमचा परिचित खरे तेच सांगतो आहे. मी गेली चौदा वर्षे दरवर्षी काही आठवडे लहान गटांबरोबर चाकोत असतो, आणि पहिल्या वर्षीचा माझा अनुभव याहून फार वेगळा नव्हता. त्यामुळे माझ्या मते तुमची खरी अडचण जागेची किंवा महिन्याची नाही. आपल्याकडे सफारीला जाऊन जी पाहण्याची सवय लागते, ती चाकोत चालत नाही. ताडोब्यात आपण जिप्सीतून एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जातो, चितळाचा किंवा वानराचा अलार्म कॉल ऐकतो, दुसऱ्या गाडीवाल्याकडून खबर घेतो आणि प्राण्यापर्यंत पोहोचतो. चाकोत दुसरी गाडी नसते, इशारा देणारे हरणांचे कळप नसतात, आणि रस्त्याच्या कडेपासून तीन मीटर आत काय उभे आहे ते दिसत नाही. तिथे प्राण्याच्या मागे जाऊन उपयोग नसतो. ऊन, वारा आणि पाणी यांच्या हिशेबाने तो कोणत्या वेळी कोणत्या उघड्या जागेवर येईल हे ठरवायचे आणि तिथे आधीच जाऊन बसायचे असते. ही एक गोष्ट पटली तर बारा दिवस पुरेसे आहेत. ती पटली नाही तर महिनाही अपुरा पडेल.

हे असे का, ते समजण्यासाठी रान कसे आहे ते आधी सांगतो. ग्रान चाको हा प्रदेश ढोबळमानाने दहा लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तिप्पट आहे, आणि तो पॅराग्वे, अर्जेंटिना, बोलिव्हिया या तीन देशांत व थोडासा ब्राझीलमध्ये पसरलेला आहे. ॲमेझॉननंतर दक्षिण अमेरिकेतील हेच सर्वांत मोठे वनक्षेत्र. जमीन परातीसारखी सपाट आहे. पूर्वेला पॅराग्वे नदीजवळ वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे करांदाय ताडांची माळराने आणि पाणथळी आहेत. पश्चिमेकडे जावे तसा पाऊस निम्म्याहून कमी होत जातो आणि रान काटेरी, ठेंगणे, गच्च होते. तुम्हाला जे कोरडे जंगल पाहायचे आहे ते हे पश्चिमेचे.

या रानातील काही झाडे मराठी माणसाला अर्धी ओळखीची वाटतील. तिथला आल्गारोबो हा आपल्या शमीचा आणि वेड्या बाभळीचा भाऊबंद आहे. वेडी बाभूळ आपल्याकडे आली ती अमेरिका खंडातूनच. फड्या निवडुंगाचेही तसेच, त्याच्या अनेक जाती इथे आपल्या मूळ घरी आहेत. पोट फुगलेल्या बरणीसारखे खोड असलेला आणि अंगभर काटे मिरवणारा समुउ हा पांढऱ्या सावरीच्या कुळातला. या सर्वांच्या वर केब्राचो उभा असतो. त्याच्या नावाचा अर्थच ‘कुऱ्हाड मोडणारा’ असा आहे. जमिनीलगत घायपातासारखी दिसणारी कारागुआता ही वनस्पती पसरलेली असते आणि तिच्या पानांच्या कडांना उलटे आकडे असतात. त्यामुळे या रानात चालत आत शिरणे हा पर्याय जवळजवळ नाहीच. आकड्यांपेक्षाही मोठा धोका दिशा चुकण्याचा आहे. डोंगर नाही, ओढा नाही, चढउतार नाही, सगळीकडे एकसारखे काटे. पायवाटेपासून पन्नास पावले आत गेलेला माणूस परतीची वाट हरवतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. पक्ष्याच्या आवाजामागे जाताना हातात जीपीएस नसेल तर वाट सोडू नये, हा नियम मी कोणासाठीही शिथिल करत नाही.

आता महिन्याविषयी. ऑगस्ट वाईट नाही, उलट सस्तन प्राण्यांसाठी उत्तम आहे. मे ते सप्टेंबर हा तिथला हिवाळ्याचा, कोरडा काळ. ऑगस्टपर्यंत रानातली डबकी आटतात, अनेक झाडांची पाने गळतात, आणि उरलेल्या थोड्या पाण्यावर प्राण्यांना यावेच लागते. रस्तेही कोरडे असतात, आणि ही बाब लहान समजू नका. तिथली माती इतकी बारीक आहे की कोरडी असताना फुफाटा उडतो, आणि एक जोरदार सर आली की आपल्याकडच्या काळ्या रानात गाडी रुतते तशी चारचाकी चालवणारी गाडीसुद्धा रुतून बसते. पाऊस पडल्यावर दोन-तीन दिवस कच्च्या रस्त्यांवर गाडी घालायचीच नसते. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र ऑगस्टमध्ये थोडे गमवावे लागते. कात्रीसारख्या शेपटीचा माशीमार आणि असे बरेच कीटकभक्षी पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडे निघून गेलेले असतात. ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परततात, आणि स्थानिक पक्षीही त्याच सुमारास जोमाने गाऊ लागतात. तेव्हा दोन्हींचा मेळ घालायचा तर मी सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडतो. ऑक्टोबरच्या पुढे मात्र उष्णता चाळिशीपार जाते आणि पावसाचा भरवसा राहत नाही.

महिन्यापेक्षाही रोजचा वारा अधिक महत्त्वाचा आहे. हिवाळ्यातही उत्तरेचा वारा सुटला की दोन-चार दिवस गरम, धुळीने भरलेले असतात आणि दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे जातो. मग अचानक दक्षिणेचा गार वारा येतो आणि एका रात्रीत तापमान वीस अंशांनी उतरते, पहाटे स्वेटरवर जाकीट चढवावे लागते. उत्तरेच्या वाऱ्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर बाहेर राहण्यात अर्थ नसतो, सारे रान सावलीला जाऊन पडते. पण त्याच रात्री पाणवठ्यावर हालचाल वाढते. दक्षिणेचा वारा येऊन गेल्यावर जी पहिली निरभ्र, थंड सकाळ उगवते, ती चाकोतील सर्वांत मोलाची वेळ. रात्रभर गारठलेले प्राणी ऊन खाण्यासाठी उघड्यावर येतात, आणि गच्च रानात उघडी जागा म्हणजे रस्ता. अशा सकाळी सात ते दहा या वेळात मी कोणालाही नाश्त्यासाठी मुक्कामी थांबू देत नाही. भाकरी गाडीत बसून खाता येते.

अशाच एका सकाळी तेनिएंते एन्सिसो राष्ट्रीय उद्यानात मला पहिल्यांदा तागुआ नीट पाहता आला. तुम्ही विचारलेल्या यादीत तो नाही, म्हणून त्याच्याविषयी जरा थांबून सांगतो, कारण चाकोपर्यंत जाऊन तागुआसाठी वेळ न ठेवणे मला पटत नाही. तागुआ हा डुकरासारखा दिसणारा पेकारी कुळातला प्राणी. विज्ञानाला तो आधी 1930 मध्ये जीवाश्मांवरून माहीत झाला आणि नामशेष झालेला प्राणी म्हणून त्याची नोंद झाली. तो जिवंत असून चाकोत हिंडतो आहे हे शास्त्रज्ञांनी जगाला सांगितले ते 1975 मध्ये. तिथल्या आदिवासींना आणि शिकाऱ्यांना तो अर्थातच कायम माहीत होता. त्या सकाळी आम्ही इंजिन बंद करून वळणावर उभे होतो. सुमारे चाळीस मीटरवर तीन तागुआ रस्त्याच्या कडेला उन्हात आडवे उभे होते, अंगावरचे राठ करडे केस फुलवलेले. त्यांतल्या एकाने पडलेले निवडुंगाचे पान नाकाने मातीत लोळवायला सुरुवात केली. पुढे ढकलायचे, उलटवायचे, पुन्हा ढकलायचे. काटे घासून मोडल्याचा बारीक करकर आवाज आम्हाला ऐकू येत होता. उरलेले दोन-चार काटे त्याने दातांनी उपटून टाकले आणि मग पान सावकाश चावून खाल्ले, ओठांच्या कडेने हिरवा चिकट रस गळत होता. हे सगळे पंधरा मिनिटे चालले. आम्ही रस्त्यावरून त्या वेळी चालत्या गाडीत असतो तर आम्हाला तीन पाठमोरी बुडे दिसली असती, तीही क्षणभर.

तिथे पेकारीच्या तीन जाती आहेत आणि नवख्याचा गोंधळ होतो. लहान, टोळक्याने फिरणारा, मानेभोवती फिकट पट्टा असलेला तो गळपट्टी पेकारी. मोठ्या कळपाने येणारा, ज्याचा उग्र वास आणि दात वाजवण्याचा आवाज दिसण्याआधीच पोहोचतो, तो पांढऱ्या ओठांचा. तागुआ या दोघांपेक्षा डोक्याने मोठा, लांब मुस्कटाचा आणि गाढवासारख्या लांब केसाळ कानांचा असतो. तो बहुधा चार-पाचांच्या गटात राहतो आणि मुख्यतः दिवसा हिंडतो. कान पाहिले की शंका राहत नाही. रानात तो दिसला नाही तर फिलाडेल्फिया गावाच्या पश्चिमेला फोर्तिन तोलेदो येथे 1985 पासून चाललेले तागुआ-संवर्धनाचे केंद्र आहे. तिथे तो कुंपणाआड पाहता येतो. मी तर तिथे सुरुवातीलाच नेतो, म्हणजे पुढे रानात अर्धा सेकंद दिसलेला प्राणी ओळखता येतो. 1932 ते 1935 या काळात पॅराग्वे आणि बोलिव्हिया यांच्यात झालेल्या चाको युद्धातील खंदकही तिथे अजून दिसतात.

थंड सकाळी रस्त्यावर थांबणे हा पहिला भाग झाला. पाणवठ्यावर बसणे हा दुसरा भाग, आणि इथे संयमाची खरी परीक्षा होते. पश्चिम चाकोत नद्या जवळजवळ नाहीत आणि जमिनीखालचे पाणी बहुतेक ठिकाणी खारट आहे. म्हणून गुरांसाठी आणि वनरक्षकांच्या चौक्यांसाठी पावसाचे पाणी साठवायला तळी खोदलेली असतात, त्यांना तिथे ताखामार म्हणतात. ऑगस्टमध्ये अशा एका तळ्याभोवतीच्या चिखलात पंधरा-वीस किलोमीटरच्या परिसराची हजेरी लागलेली असते. पहिल्या दिवशी दुपारी मी फक्त ठसे वाचतो. टॅपिरच्या पुढच्या पायाला चार बोटे आणि मागच्या पायाला तीन असतात, मात्र कठीण जमिनीवर पुढचे चौथे बोट उमटत नाही. मऊ चिखलात ते स्पष्ट दिसते. ताजे ठसे तळ्याच्या कोणत्या बाजूला आहेत ते पाहून, वाऱ्याच्या उलट बाजूला, मागे झाडोरा येईल अशा बेताने जागा निवडतो. मचाण लागत नाही, खुर्ची आणि मळखाऊ रंगाची चादर पुरते.

टॅपिर बहुधा अंधार पडल्यावर दोन-तीन तासांत किंवा पहाटेच्या आधी येतो. तो दिसण्याआधी ऐकू येतो, पण काटक्या मोडल्याच्या आवाजाने नव्हे. इतके मोठे जनावर असूनही तो चालताना आश्चर्य वाटेल इतका गुपचूप येतो. पाण्यात पाय पडल्यावर होणारा जड, सावकाश ‘डुबुक’ हीच पहिली खूण. त्या क्षणी बॅटरी लावण्याचा मोह आवरा. त्याला पोटभर पाणी पिऊ द्या, पाण्यात उतरू द्या, आणि मग लाल काच लावलेला मंद प्रकाश आधी जमिनीवर टाकून हळूहळू वर आणा. थेट डोळ्यांवर पांढरा झोत टाकला तर तो जातोच, शिवाय पुढच्या काही रात्री त्या पाण्याकडे फिरकत नाही, असा माझा अनुभव आहे. कोरड्या काळात एका तळ्याचा प्राणी घालवणे म्हणजे त्याचे पाणी तोडणे आहे. आपल्या एका छायाचित्रासाठी हे करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मला मनापासून वाटते.

रात्रीचा रस्ता हा तिसरा भाग. आपल्याकडे अभयारण्यात रात्री दिवा मारत फिरायची सवय नाही आणि ते योग्यच आहे. चाकोत मात्र उद्यानाच्या वनरक्षकाला सांगून, त्याच्या परवानगीने, कच्च्या रस्त्यावरून रात्री फिरणे ही रूढ पद्धत आहे. ताशी पंधरा किलोमीटरच्या वर जाऊ नये. दिवा हातात धरून डोळ्यांच्या रेषेत ठेवावा, म्हणजे प्राण्याच्या डोळ्याची चमक परत आपल्याच डोळ्यांकडे येते. गाडीच्या टपावर लावलेल्या दिव्याने हे तितके नीट होत नाही. जमिनीवर एकटाच लाल निखारा दिसला तर तो रातवा. गवतात शेकडो बारीक हिरवट ठिणग्या दिसल्या तर त्या कोळ्यांच्या. उंच फांदीवर नारिंगी मोठे डोळे जोडीने हलू लागले तर ते आसारा निशामाकड असू शकते. हे माकड चाकोत दिवसाही आणि रात्रीही वावरते. कोल्हा दिव्याकडे वळून वळून पाहत राहतो, मांजरकुळातला प्राणी एकदा रोखून पाहतो आणि मग डोके खाली करून सरळ रेषेत निघून जातो. अशा रात्रींत जॉफ्रॉयचे ठिपकेदार रानमांजर मला इतर सर्व मांजरांपेक्षा जास्त वेळा दिसले आहे, त्याखालोखाल प्यूमा. चंद्र नसलेल्या रात्री या कामाला चांगल्या, म्हणून तारखा ठरवताना अमावस्या कुठे येते ते पंचांगात पाहून घ्या.

मोठा मुंगीखाऊ दिवसा किंवा रात्री केव्हाही रस्ता ओलांडताना दिसू शकतो, तो शोधून सापडत नाही. थंड दिवसांत तो दुपारी हिंडतो, गरम दिवसांत रात्री, एवढेच खात्रीने सांगता येते. तीनपट्टी आर्मडिलो मात्र हमखास म्हणावा असा आहे. धोका वाटला की तो पूर्ण गोळा होतो. डोक्यावरचे आणि शेपटीवरचे कवच शेजारी शेजारी बसून मधली फट बंद होते. कृपया त्याला उचलून हातात घेऊ नका, स्थानिक माणसाने हौसेने पुढे केला तरी. चाको मारा हा ससा आणि पिसोरी हरीण यांच्या मधला वाटावा असा उंच पायांचा कृंतक सकाळी रस्त्याच्या कडेला जोडीने बसलेला दिसतो.

आता जग्वार. स्पष्टच सांगतो, जग्वार दिसावा हा तुमचा मुख्य हेतू असेल तर चाकोत जाऊ नका. ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ प्रदेशात पोर्तो जोफ्रे येथे जुलै ते ऑक्टोबरमध्ये कुइआबा नदीवर बोटीतून तो दिसण्याची शक्यता कितीतरी पटीने अधिक आहे. चाकोतही जग्वार आहे. बोलिव्हियातील काआ-इया राष्ट्रीय उद्यान 1995 मध्ये इसोसो भागातील ग्वारानी लोकांच्या पुढाकाराने झाले, त्याचे क्षेत्र 34 हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि तिथल्या कॅमेरा-सापळ्यांत तो नियमित सापडतो. अर्जेंटिनातील चाकोत त्याची अवस्था इतकी बिकट आहे की 2019 मध्ये एल इम्पेनेत्राब्ले उद्यानात एका नराचे ठसे मिळाले तेव्हा ती मोठी बातमी ठरली. पॅराग्वेच्या बाजूला मी त्याचे ठसे जवळजवळ दर वर्षी पाहतो. प्रत्यक्ष जनावर चौदा वर्षांत सहा वेळा पाहिले आहे, आणि त्यातले चार वेळा दोन-तीन सेकंदांपुरते. ठशांच्या कडा अजून ढासळलेल्या नाहीत, म्हणजे तो पहाटेच इथून गेला, एवढ्यावर समाधान मानता येत असेल तरच जग्वारचे नाव यादीत ठेवा.

पक्ष्यांविषयी तुम्ही थोडेच विचारले आहे, पण तुमच्या परिचिताने काहीच पाहिले नाही असे म्हटले तेव्हा मला सर्वांत जास्त आश्चर्य पक्ष्यांमुळेच वाटले. पहाटे उजाडायच्या आत चाराता, म्हणजे चाकोची चाचालाका ही रानकोंबडीसारखी पक्षीण, एका झाडावरून ओरडायला लागते. तिला दुसऱ्या झाडावरून उत्तर मिळते आणि पाच मिनिटांत सारे रान कर्कश जुगलबंदीने भरून जाते. तो गजर झाला की अंथरुणात राहू नये. त्यानंतरचा तास जमिनीवरच्या पक्ष्यांचा. काळ्या पायांचा सेरिएमा लांब पायांनी रस्त्यावरून चालतो; सरडा पकडला की चोचीत धरून तो जमिनीवर आपटतो. तुरेवाला केब्राचो टिनामू तितरासारखा कडेने पळतो. तुरेवाला गायितो शेपटी ताठ उभारून एका झुडपातून दुसऱ्यात धावत जातो, आणि धावताना तो पक्षी कमी व उंदीर जास्त वाटतो. चंडोलासारखे दिसणारे ब्रशरनर पाच-सहाच्या थव्याने धुळीत चरतात. मोठे सुतार दोन आहेत, पांढऱ्या पाठीचा आणि काळ्या अंगाचा. काळ्या अंगाचा सुतार चाकोबाहेर फारसा कुठेच नाही, म्हणून कोणत्याही मोठ्या सुताराची पाठ आणि पोट दोन्ही पाहिल्याशिवाय नोंद करू नका. रात्री चाको घुबडाचा खर्जातला, बेडकाच्या डरावण्याची आठवण करून देणारा आवाज मुक्कामाच्या जागेवरूनच ऐकू येतो. माळावर बिळाच्या तोंडाशी उभे असलेले छोटे घुबड पाहून तुम्हाला पिंगळ्याची आठवण होईल, आणि ती बरोबरच आहे, दोघे एकाच प्रजातीगणातले आहेत. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बाहेर काढण्याची पद्धत तिथे सर्रास चालते. मी ती विणीच्या काळात अजिबात वापरत नाही आणि इतर वेळी एकदा, अर्धा मिनिट, त्यापलीकडे नाही. अर्धा तास शांत उभे राहिले तर गायितो आपणहून समोर येतो.

बारा दिवस कसे वाटावेत? राजधानी असुन्सिओनहून निघून त्रान्सचाको महामार्गाने फिलाडेल्फियापर्यंत सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतर आहे. हा दिवस घाईने उरकू नका. पहिले दोनशे किलोमीटर ताडांच्या पाणथळ माळरानातून जातात आणि जाबिरू करकोचा, चाखा, पाणकावळे, बगळे असे पुष्कळ काही रस्त्यावरूनच दिसते. पुढे फिलाडेल्फिया किंवा लोमा प्लाता येथे तीन रात्री ठेवा. ही गावे 1920 आणि 1930 च्या दशकांत आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकऱ्यांनी वसवली, तिथे जुन्या धाटणीची जर्मन बोली ऐकू येते आणि दुपारी दुकाने काही तास पूर्ण बंद असतात, तेव्हा डिझेल, पाणी, शिधा सकाळीच भरून घ्या. जवळच लागुना कापितान आणि इतर खारी तळी आहेत. पाणी असेल तर चिली रोहित, कोस्कोरोबा हंस आणि बदकांचे थवे असतात. सलग दुष्काळ असेल तर तिथे फक्त पांढरा मिठाचा थर असतो. हे गावातूनच विचारून घ्यावे लागते. त्यानंतर पाच रात्री एन्सिसोसाठी, आणि त्या एकाच मुक्कामी. दोन दिवस पावसासाठी राखीव ठेवा. देफेन्सोरेस देल चाको हे सात लाख वीस हजार हेक्टरांचे उद्यान मोठे आणि मोहात पाडणारे आहे, पण पोहोचण्यात आणि परतण्यात जाणारा वेळ पाहता पहिल्या खेपेला मी ते सुचवत नाही.

तुमच्या परिचिताने चार दिवसांत चार ठिकाणे केली असावीत असा माझा अंदाज आहे. एका जागी पाच रात्री राहिल्यावर पहिल्या दोन दिवसांत ठसे आणि वाटा कळतात, तिसऱ्या दिवसापासून प्राणी दिसू लागतात. हे मी इतक्या वेळा अनुभवले आहे की त्यावर वाद घालत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. वनरक्षक थोडे आहेत, त्यांच्याकडे कधी गाडी नसते, कधी चौकीत पाणी नसते. म्हणून परवानगी पर्यावरण मंत्रालयाकडून आधी काढावी आणि पाणी माणशी रोज सहा लिटर या हिशेबाने स्वतः न्यावे. स्पॅनिश येत नसेल तर स्थानिक जाणकार बरोबर घ्यावा. चौकीवर पोहोचल्यावर थंड पाण्यातला माते चहा, तेरेरे, तुमच्यापुढे येईल. तो सगळ्यांत एकाच नळीने प्यायला जातो. पुरे झाला की मगच ‘ग्रासियास’ म्हणा. आधी म्हटलात तर तुम्हाला आणखी नको असा अर्थ होतो. उत्तरेच्या भागात आयोरेओ आदिवासींपैकी काही कुटुंबे आजही बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवता राहतात. त्या जमिनीकडे जाणारा रस्ता कोणी पैसे घेऊन दाखवत असेल तर नकार द्या. आपल्या साध्या सर्दीनेही तिथे जीव जाऊ शकतात. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातून घ्या आणि पिवळे कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. ते नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

आणखी एक, आणि हे मला सर्वांत जास्त लागते. पूर्व पॅराग्वेत 2004 च्या कायद्याने जंगल तोडून शेती-कुरण करण्यावर बंदी आली, पण ती चाकोला लागू नाही. तिथे जमीनमालकाने पंचवीस टक्के जंगल राखले की उरलेले बहुतांशी कायदेशीरपणे साफ करता येते, आणि गुरांच्या कुरणांसाठी ते होत आले आहे. चौदा वर्षांपूर्वी ज्या वळणावर मी सेरिएमा पाहत असे तिथे आज तारेचे कुंपण आणि आफ्रिकी गवत आहे. म्हणून मुक्काम निवडताना ज्या एस्तान्सियाने (गुरांच्या मोठ्या शेतवाडीने) आपले जंगल राखले आहे आणि जग्वारने वासरू मारले तरी बंदूक उचललेली नाही, तिथे दोन रात्रींचे पैसे मुद्दाम द्या. कोणती राखते हे फिलाडेल्फियात चौकशी केल्यावर कळते, कारण शेजाऱ्यांना ते चांगले ठाऊक असते.

तुमच्या तारखा पक्क्या नसतील आणि सुट्टी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नेता येत असेल तर कळवा. मग एन्सिसोतील रात्री अमावस्येच्या आसपास बसतील असा आराखडा करून देतो, आणि खाऱ्या तळ्यांत या वर्षी पाणी आहे की नाही तेही तिकडच्या माणसाला विचारून सांगतो.